छताचा कठडा कोणी बांधायचा? कामगारांची सुरक्षा आणि संचालकांची कायदेशीर जबाबदारी

जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात घरबांधणीविषयी एक छोटासा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा बांधावा. कठड्याअभावी कोणी खाली पडून मेला, तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. त्या देशात घरांची छते सपाट असत. माणसे तेथे वाळवण घालीत, संध्याकाळी बसत, उन्हाळ्यात झोपत. म्हणून हा नियम. पडलेला माणूस स्वतः किती निष्काळजी होता, हे शास्त्र येथे विचारीत नाही. कठडा विसरणाऱ्या गवंड्याचे नावही त्यात नाही. घर ज्याचे, कठडा त्याने बांधायचा.

निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात याच जातीचा आणखी एक नियम आहे. बैलाने शिंग मारून माणूस ठार केला, तर बैलाला मारावे. मालक निर्दोष समजावा. परंतु तो बैल मारका आहे असे मालकाला पूर्वी बजावले असतानाही त्याने त्याला बांधून ठेवले नाही, तर मग मात्र मालक स्वतः गुन्हेगार ठरतो. त्याच अध्यायात खड्डा खणून तो उघडा ठेवणाऱ्यालाही नुकसानभरपाई द्यावी लागते.

या नियमांत दोन सूत्रे आहेत. जागा ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची. आणि धोका ज्याला कळला होता, त्याचा दोष अधिक मोठा. आपल्या देशातील कारखान्यांविषयीचा कायदाही बऱ्याच वळणांनंतर याच दोन सूत्रांपाशी आला आहे. तो तेथवर कसा आला आणि आज नेमके काय सांगतो, हे आमच्या वाचकांना ठाऊक असणे आम्हांस अगत्याचे वाटते. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत व तारापूर एमआयडीसीत आपल्या धर्मग्रामांतील कित्येक तरुण कामाला जातात. काही जण तेथे सुपरवायझर आहेत, आणि काहींचे स्वतःचे गाळेही आहेत. म्हणजे कामगार, मुकादम आणि मालक हे तिघेही रविवारच्या मिस्सेला एकाच मंदिरात बसलेले असतात.

अपघातानंतर कोण सापडतो?

कारखान्यात अपघात झाला म्हणजे पुढे काय होते, ते आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचलेले आहे. पोलीस येतात, पंचनामा होतो, आणि त्या पाळीचा सुपरवायझर किंवा ठेकेदाराचा मुकादम यांच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला जातो. मृताच्या घरी काही रक्कम पोहोचते. यंत्राला गार्ड बसवायचा की नाही, जुनी रिॲक्टर टाकी बदलायची की आणखी दोन वर्षे चालवायची, हा निर्णय ज्या टेबलावर झाला त्या टेबलापर्यंत तपास पुष्कळदा जातच नाही. गार्ड बसवण्यासाठी पैसे मंजूर करण्याचा अधिकार सुपरवायझरला नव्हता, हे कोणी विचारीत नाही.

कायद्याची दृष्टी मात्र अशी नाही, निदान १९८७ सालापासून तरी नाही. कायद्याने कारखान्याच्या जबाबदार व्यक्तीसाठी जो शब्द वापरला आहे, तो आपल्याकडील शेतकऱ्यांना सातबाराच्या उताऱ्यावरून चांगला परिचित आहे. तो शब्द म्हणजे भोगवटादार. जमिनीचा भोगवटादार म्हणजे जिच्यावर ज्याचा हक्काचा ताबा आहे तो. कारखान्याचा भोगवटादार म्हणजे कारखान्याच्या एकूण कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण आहे तो. येथे महत्त्वाचा शब्द ‘अंतिम’ हा आहे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात हा शब्द आरंभापासून होता. परंतु त्यात एक पळवाट राहिली होती. कंपनीने आपल्या एखाद्या अधिकाऱ्याला भोगवटादार म्हणून नेमायचे आणि संचालकांनी नामानिराळे राहायचे, अशी पद्धत रूढ झाली. खटला झाला तर तो त्या पगारी अधिकाऱ्यावर. दंड कंपनी भरीत असे, आणि तो अधिकारी अधूनमधून न्यायालयात उभा राही. पगारातच त्या उभे राहण्याचा मोबदला धरलेला असावा, असे कोणी म्हटले तर ते फारसे अनुदार ठरणार नाही.

भोपाळने काय बदलले

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू शहरावर पसरला. पहिल्या काही दिवसांतच हजारो माणसे मेली. ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. त्यामागची दुसरी गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे.

ती टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा जून १९८४ पासून बंद ठेवलेली होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी नळ काढून ठेवल्यामुळे निकामी होता. वायू धुऊन निष्प्रभ करणारे यंत्र त्या रात्री चालू स्थितीत नव्हते. डिसेंबर १९८१ मध्ये याच कारखान्यात फॉस्जीन वायूच्या गळतीने एका कामगाराचा बळी घेतला होता. मे १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकेतून आलेल्या तज्ज्ञांनी पाहणी करून धोक्यांचा अहवाल दिला होता. बैल मारका आहे, हे मालकाला बजावून झालेले होते.

शीतकरण बंद ठेवणे हा रात्रपाळीच्या कामगाराचा निर्णय असू शकत नाही. तो खर्चाचा निर्णय असतो. आणि खर्चाचे निर्णय वर होतात.

भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. घातक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. भोगवटादाराची सर्वसाधारण कर्तव्ये प्रथमच स्पष्ट लिहिली गेली. आणि व्याख्येत एक परंतुक घालण्यात आले, ते असे की, कारखाना कंपनीचा असेल तर संचालकांपैकी एक जण भोगवटादार समजला जाईल. अधिकारी नव्हे, व्यवस्थापक नव्हे, संचालक. भागीदारी संस्थेच्या बाबतीत भागीदारांपैकी एक.

उद्योगांनी हे सहजासहजी मानले नाही. परवान्याच्या नूतनीकरणासाठी संचालकाचेच नाव हवे असा आग्रह निरीक्षकांनी धरल्यावर अनेक कंपन्या न्यायालयांत गेल्या. त्यांचे म्हणणे असे की, आमचे संचालक दिल्लीत किंवा मुंबईत बसतात, कारखाना शेकडो मैलांवर असतो. प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला नेमण्याची मोकळीक आम्हांला हवी. जे. के. इंडस्ट्रीज या कंपनीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९९६ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. दैनंदिन कारभार सोपवता येतो, अंतिम नियंत्रण सोपवता येत नाही, असा त्या निर्णयाचा गाभा आहे. कंपनीने आपणहून एखाद्या संचालकाचे नाव दिले नाही, तर निरीक्षकाला कोणत्याही संचालकावर खटला भरता येईल, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

आमच्या मते कामगारांच्या सुरक्षेसंबंधी आपल्या देशात जे निर्णय झाले, त्यांत हा निर्णय फार वरच्या पंक्तीचा आहे. त्याची चर्चा कायद्याच्या वर्तुळाबाहेर फारशी झाली नाही, याचे आम्हांला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

शिक्षा किती?

कायदा योग्य माणसापर्यंत पोहोचला तरी शिक्षेचा प्रश्न उरतोच. भोपाळच्या खटल्यात आरोपींवर सदोष मनुष्यवधाचा आरोप होता. सप्टेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उतरवून निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या आरोपावर आणला. या अपराधाला तेव्हाच्या दंडसंहितेत कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. ७ जून २०१० रोजी, म्हणजे दुर्घटनेनंतर जवळजवळ सव्वीस वर्षांनी, भोपाळच्या न्यायालयाने भारतीय कंपनीच्या तत्कालीन अध्यक्षांसह सात अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्याच दिवशी त्यांना जामीन मिळाला. अमेरिकेतील मूळ कंपनीचे प्रमुख वॉरन अँडरसन हे भारतातील न्यायालयापुढे खटल्यासाठी कधीच आले नाहीत. २०१४ मध्ये ते मरण पावले.

सर्वोच्च पदावरील माणसाला खरोखर शिक्षा होऊ शकते काय, असे कोणी विचारील. इटलीतील तुरीन शहरात ६ डिसेंबर २००७ रोजी मध्यरात्रीनंतर एका जर्मन पोलाद कंपनीच्या कारखान्यात आग लागून सात कामगार होरपळून मेले. तो कारखाना लवकरच बंद व्हायचा होता, म्हणून अग्निसुरक्षेवरील खर्च कंपनीने पुढे ढकलला होता. तेथील कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला २०११ मध्ये खालच्या न्यायालयाने साडेसोळा वर्षांची शिक्षा दिली. अपिलात ती कमी झाली, तरी २०१६ मध्ये अंतिम निकाल लागला तेव्हा ती नऊ वर्षे आठ महिने होती. पैसे वाचवण्याचा जो निर्णय कागदावर झाला, त्याचाच न्यायालयाने हिशेब मागितला.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली आहे. शिवाय अलीकडे पोलीस अधिक गंभीर कलमे लावू लागल्याचेही दिसते. पुणे जिल्ह्यात पिरंगुटजवळ ७ जून २०२१ रोजी एका रासायनिक कारखान्याला आग लागली. मृतांत बहुतांश महिला कामगार होत्या. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी झालेल्या स्फोटाने १२ जणांचे प्राण घेतले होते. त्याच औद्योगिक क्षेत्रात २३ मे २०२४ रोजी पुन्हा रिॲक्टरचा स्फोट झाला. पिरंगुट आणि २०२४ ची डोंबिवली या दोन्ही प्रकरणांत मालक-संचालकांना अटक झाली. अटक आणि दोषसिद्धी यांत मोठे अंतर असते, हे आम्ही विसरलेलो नाही. तरीही तपास वरच्या मजल्यावर गेला, हा बदल लहान नव्हे.

नवी संहिता

१९४८ चा कारखाने अधिनियम आता इतिहासजमा झाला आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता २०२० मध्ये संसदेत संमत झाली होती. ती २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली. तिने तेरा जुने कायदे आपल्या पोटात घेतले. संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम तूर्त चालू ठेवण्याची सोयही तिच्यात आहे.

या संहितेवर कामगार संघटनांनी पुष्कळ टीका केली आहे आणि तीतील काही भाग आम्हांला ग्राह्य वाटतो. जुन्या मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले म्हणजे तो कारखाना ठरत असे; आता वीस लागतात. विजेविना असेल तर विसांऐवजी चाळीस. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती पाचशे कामगारांपासून, घातक प्रक्रिया असेल तर अडीचशेपासून सुरू होते. ज्या लहान गाळ्यांत पॉवर प्रेसवर माणसांची बोटे जातात, तेथे असा अधिकारी कधीच येणार नाही. मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे. मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेलाही लागू आहेत. ‘आमचा तर कारखानाच नाही’ हे उत्तर बारा माणसांच्या गाळ्याच्या मालकाला देता येणार नाही.

ही कर्तव्ये काय आहेत? इजा किंवा व्यावसायिक रोग होऊ शकतील अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवणे. ठरवून दिलेल्या वर्गातील कर्मचाऱ्यांची दरवर्षी विनामूल्य आरोग्य तपासणी. प्रत्येकाला लेखी नेमणूकपत्र. सुरक्षेसाठी केलेल्या कोणत्याही गोष्टीचा पैसा कामगाराकडून न घेणे. हेल्मेटचे किंवा बुटांचे पैसे पगारातून कापून घेण्याची जी चाल अनेक ठिकाणी आहे, ती याच्या सरळ विरुद्ध आहे. आणि एक तरतूद तर विशेष लक्ष वेधून घेणारी आहे. मालकाच्या जागेत जो कोणी असेल, मग तो तेथे असल्याचे मालकाला ठाऊक असो वा नसो, त्याच्याही सुरक्षेची जबाबदारी मालकावर आहे. ठेकेदाराने काल सायंकाळी आणलेला, हजेरीपटावर नाव नसलेला मजूर यात येतो.

कर्तव्यात कसूर झाल्यामुळे मृत्यू ओढवला तर दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही. गंभीर दुखापत झाल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन ते चार लाख दंड किंवा दोन्ही. दंडाची किमान निम्मी रक्कम जखमीला किंवा मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. जुन्या कायद्यात मृत्यूबद्दल किमान दंड पंचवीस हजार होता हे पाहता रक्कम वाढली आहे खरी. पण कारावास ‘किंवा’ या शब्दाच्या पलीकडे उभा आहे.

भोगवटादार म्हणजे संचालकच, हा १९८७ चा नियम संहितेने कायम ठेवला आहे. फक्त स्वतंत्र संचालकाला, म्हणजे कंपनीत ज्याचा आर्थिक हितसंबंध नसतो अशा बाहेरच्या सल्लागार संचालकाला, त्यातून वगळले आहे. याखेरीज कंपनीच्या हातून अपराध घडला, तर त्या वेळी कारभाराची जबाबदारी सांभाळणारी प्रत्येक व्यक्ती दोषी मानली जाते. संचालकाची संमती, संगनमत किंवा हयगय सिद्ध झाली तर तोही अडकतो. कंपनी अधिनियम २०१३ ने देखील संचालकावर केवळ भागधारकांचे नव्हे तर कर्मचाऱ्यांचे हित पाहण्याचे कर्तव्य टाकलेले आहे.

‘मला माहीत नव्हते’

अपराध आपल्या नकळत घडला, किंवा तो टाळण्यासाठी आपण योग्य ती सर्व दक्षता घेतली होती, हे सिद्ध केल्यास संबंधित व्यक्ती सुटू शकते. सिद्ध करण्याचा भार तिच्यावर असतो. येथेच सगळा प्रश्न येऊन थांबतो.

दक्षता ही मनातली गोष्ट नव्हे, ती कागदावर दिसावी लागते. संचालक मंडळाच्या बैठकीत सुरक्षेचा विषय कधी आला होता काय? आला असेल तर इतिवृत्तात काय लिहिले आहे? यंत्राच्या गार्डसाठी व्यवस्थापकाने मागितलेली रक्कम मंजूर झाली की ‘पुढील वर्षी पाहू’ असा शेरा पडला? थोडक्यात वाचलेले अपघात, म्हणजे जेथे कोणी मेले नाही परंतु मरू शकले असते असे प्रसंग, कोणी नोंदवीत होते काय, आणि ती नोंद वर कोणी वाचीत होते काय? टाकीत उतरण्यापूर्वी वायूची तपासणी करून लेखी परमिट देण्याची पद्धत आहे, की मुकादमाच्या तोंडी हुकमावर माणूस आत जातो? चांगला संचालक ही उत्तरे अपघातापूर्वी मागून घेतो. वर्षातून चार वेळा स्वतः कारखान्यातून फिरणारे आणि अगदी कनिष्ठ कामगाराला थांबवून विचारणारे उद्योजक आम्ही पाहिले आहेत. त्यांना कायद्याची भीती वाटत नाही, कारण त्यांच्या दक्षतेचा पुरावा त्यांच्या रोजच्या वहीतच असतो.

उलट, काही ठिकाणी वरच्या मंडळींना वाईट बातमी न कळवण्याची रीतच पडलेली असते. सुरक्षेचा अहवाल गोड करून वर जातो. अशा ठिकाणी ‘माहीत नव्हते’ हे म्हणणे शब्दशः खरेही असू शकेल. परंतु माहीत करून न घेणे हीच हयगय आहे, असे सरकारी वकिलाला म्हणता येते.

वेतनपत्रकावर ज्याची सही नाही

संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये ‘लाबोरेम एक्झेरचेन्स’ या मानवी श्रमावरील परिपत्रकात ‘अप्रत्यक्ष मालक’ अशी कल्पना मांडली. कामगाराशी करार करणारा तो प्रत्यक्ष मालक; परंतु ज्यांच्या धोरणांमुळे त्या कराराच्या अटी आधीच ठरून जातात, ते सर्व अप्रत्यक्ष मालक. त्यांत शासन येते, आर्थिक व्यवस्था येते. कामाची जागा व पद्धती कामगाराच्या शरीराला अपाय करणाऱ्या नसाव्यात, हा त्याचा हक्क असल्याचेही त्याच परिपत्रकात सांगितले आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ लिहिले, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेताना तिचीच आठवण करून दिली.

वसईतील गाळ्यांना ही कल्पना लावून पाहावी. मोठी कंपनी सुटे भाग बनवण्याचे काम गाळेवाल्याला देते. भाव इतका पिळून घेते की त्यात पॉवर प्रेसला सेन्सर बसवण्याइतकी जागाच उरत नाही. बोट तुटते ते गाळ्यात, आणि गुन्हा दाखल होतो गाळेवाल्यावर. तो सुटावा असे आम्ही म्हणत नाही. दहा माणसे कामाला लावणाऱ्याला कायदा माहीत असलाच पाहिजे. परंतु भाव ठरवणाऱ्याचे नाव तक्रारीत कोठेच नसते. येथे आपला कायदा तोकडा आहे आणि ख्रिस्तसभेची शिकवण त्याच्या पुढे आहे.

सावकाश होणाऱ्या अपघाताबद्दलही दोन शब्द. दगडाच्या भुकटीने किंवा ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी फुप्फुसे निकामी व्हायला वर्षे लागतात. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो, कधी कंपनीही बंद झालेली असते. जानेवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले, आणि कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला.

आपल्या अंगणात

कंपन्यांविषयी बोलताना आपल्या स्वतःच्या संस्था नजरेआड करता येणार नाहीत. धर्मग्रामाच्या शाळेला नवा मजला चढतो, मंदिराचे छप्पर दुरुस्त होते, गृहनिर्माण संस्थेची इमारत रंगवली जाते. ठेकेदाराचा मजूर दोरीच्या आधाराने, बिनपट्ट्याचा, तिसऱ्या मजल्याशी लोंबकळत असतो आणि खालून आपण ‘जपून रे बाबा’ म्हणून पुढे जातो. काम दिले कोणी? जागा कोणाच्या ताब्यात आहे? अनुवादातील तो नियम येथे अगदी अक्षरशः लागू पडतो.

सांडपाण्याच्या टाक्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. विरार पश्चिमेला एप्रिल २०२४ मध्ये एका निवासी वसाहतीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चार कामगार मृत्युमुखी पडले. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना माणसाला मैल्याच्या टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्याच अपराधाला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. संस्थेचे सचिव, शाळेचे व्यवस्थापक किंवा धर्मग्रामाची वित्तसमिती यांनी टाकी साफ करण्याचे काम देण्यापूर्वी यंत्राने साफसफाई करणारी गाडीच मागवावी. माणूस आत उतरणार असेल तर काम देऊच नये.

कामगाराने काय करावे

नेमणूकपत्र मागून घ्यावे व त्याची प्रत घरी ठेवावी. कारखान्याचा भोगवटादार म्हणून कोणाचे नाव नोंदवले आहे, ते माहीत करून घ्यावे. परवान्याच्या कागदपत्रांत ते असते. कामगारालाही कर्तव्ये आहेत. दिलेले हेल्मेट न घालणे, काम भराभर उरकण्यासाठी गार्ड काढून ठेवणे, हे त्याच्या अंगाशी येऊ शकते. मात्र तातडीचा धोका दिसल्यास तो मालकाला कळवण्याचा त्याला हक्क आहे, आणि मालकाने त्यावर ताबडतोब पाऊल उचलले पाहिजे. मालक ऐकत नसेल तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे दार आहे.

हे कळवणे तोंडी नसावे. सुपरवायझर असलेल्या आमच्या वाचकांना तर आम्ही हे आग्रहाने सांगू, कारण अपघातानंतर पहिला हात त्यांच्याच खांद्यावर पडतो. गार्ड तुटला आहे, झडप गळते आहे, वायू मोजण्याचे यंत्र बंद आहे, असे साध्या मराठीत चार ओळींचे पत्र लिहावे. ते व्यवस्थापकाला द्यावे आणि एक प्रत भोगवटादार म्हणून नोंद असलेल्या संचालकाच्या नावे पाठवावी. तारीख घालावी, पोच घ्यावी, पोचेची प्रत जपून ठेवावी. ते पत्र ज्या दिवशी संचालकाच्या कार्यालयात पोहोचते, त्या दिवसापासून बैल मारका आहे हे त्याला सांगितले गेलेले असते.